निरोगी पुरुष, वय ३८ ते ४७

महांतेश खोत रोज संध्याकाळी पाच-चाळीसला मिरजेच्या एसटी स्टँडवर केळी घ्यायला जात असे. त्याला केळी आवडत नसत.

स्टँडच्या दारात हातगाडी लावणाऱ्या बागवानचाचांना हे माहीत होतं. एकदा त्यांनी आग्रहाने एक केळ सोलून हातात दिलं, तेव्हा महांतेशने ते डॉक्टरांनी सांगितल्यासारखं गिळलं होतं. तरी चाचा रोज अर्धा डझन बांधून तयार ठेवत. महांतेश पिशवी घेई आणि गडहिंग्लजहून येणारी गाडी फलाटाला लागून तिच्यातला शेवटचा माणूस उतरेपर्यंत पिशवीची गाठ सोडत-बांधत उभा राही. मग घरी येऊन केळी शेजारच्या मुजावरांकडे देई. नऊ वर्षांत मुजावरांच्या घरी केळ्यांचं जे जे होऊ शकतं ते सगळं करून झालं होतं. अलीकडे बेल वाजली की ते आधी खिडकीतून बघत आणि मग घरात कुणी नसल्यासारखे शांत बसत.

नऊ वर्षांपूर्वी नागपंचमीला महांतेशची बायको शैलजा गडहिंग्लजला माहेरी गेली. रीतीप्रमाणे तिचा भाऊ बसवराज न्यायला आला होता. रीत अशी की न्यायला भाऊ येतो आणि परत आणायला नवरा जातो. यातलं पहिलं अर्धं काम ठरल्या दिवशी, चहापोह्यांसकट पार पडलं.

निघताना, पायात चप्पल सरकवता सरकवता शैलजाने विचारलं होतं, "मी नसले तर तुम्हाला काही वाटेल का हो?"

महांतेश प्रयोगशाळेत काम करणारा माणूस. तपासल्याशिवाय काही सांगणं त्याच्या स्वभावात नव्हतं. त्याने प्रामाणिकपणे विचार केला आणि म्हणाला, "बघू."

"बघाच," असं म्हणून ती गाडीत बसली.

त्याला वाटलं, राग गेला की ती कळवेल. तिला वाटलं, काही वाटलं तर हे येतील. दोघांचंही म्हणणं तर्काला धरून होतं आणि त्यावर दोघंही नऊ वर्षं ठाम राहिले. फोन होतेच. दर दिवाळीला त्याच्या फोनवरून तिला पणतीचं चित्र जाई आणि तिच्या फोनवरून त्याला पणतीचं चित्र येई. सणाच्या शुभेच्छा आपोआप पाठवायची सोय दोन्ही फोनमध्ये चालू राहिली होती. त्यामुळे इतकी वर्षं त्या दोन फोनचे संबंध अतिशय चांगले राहिले.

महांतेश ज्या हृदयजनुक संशोधन केंद्रात तंत्रज्ञ होता, त्याच्या प्रमुख डॉ. यास्मिन सतारमेकर. घराण्यात चार पिढ्या सतारी बनत आलेल्या. मॅडमनी लाकूड सोडून माणसाच्या हृदयाला हात घातला, याचं त्यांच्या आजोबांना शेवटपर्यंत वाईट वाटत होतं. पाहुणे आले की मॅडम त्यांना समोर बसवून केंद्राचं काम समजावून सांगत.

"तुमच्या नखाच्या पेशीत जो डीएनए, तोच हृदयाच्या पेशीत. समजा, सरकारनं प्रत्येक कचेरीला वीस हजार पानांचा एकच जाडजूड ग्रंथ दिला. तलाठी त्यातलं सातबाऱ्याचं पान उघडतो, आरटीओवाला लायसन्सचं. ग्रंथ तोच, पण ज्याला जे पान लागतं त्याचीच तो झेरॉक्स काढतो. पान म्हणजे जनुक आणि झेरॉक्स म्हणजे आरएनए. हृदय कुठली पानं उघडून बसलंय हे बघायचं तर त्याच्या झेरॉक्स मोजायच्या. आता या झेरॉक्स भलत्याच कच्च्या कागदावरच्या. दोन-चार तासांत त्यांचा चुरा होतो. म्हणून त्या पकडायच्या, त्यांची डीएनएमध्ये पक्की नक्कल करायची आणि यंत्रात घालून अक्षर न् अक्षर वाचायचं. ज्या पानाच्या प्रती जास्त, ते जनुक जागं. ज्याच्या नाहीत, ते झोपलेलं."

"आणि झोपलेलं असलं तर?" पाहुणे विचारत.

"तर का झोपलंय, यासाठी अनुदान मागायचं," मॅडम म्हणत.

सुरुवातीला केंद्राने बायपासच्या वेळी काढल्या जाणाऱ्या हृदयाच्या चिमुकल्या तुकड्यांवर काम केलं. हृदयात जागी असलेली, पण कुणालाच माहीत नसलेली अकरा जनुकं त्यातून सापडली. पुढे अडचण आली. आजारी हृदयाची तुलना निरोगी हृदयाशी करायची, तर निरोगी माणूस हृदयाचा तुकडा द्यायला तयार होत नाही. केंद्राने एकदा वर्तमानपत्रात आवाहन करून पाहिलं होतं. मग मॅडमनी वेगळी वाट शोधली. हृदयाच्या पेशी आपल्या झेरॉक्सचे कपटे रक्तात सोडतच असतात. ते रक्तातून वेचून काढण्याची पद्धत त्यांनी बसवली. आता छाती उघडायचं कारण उरलं नाही, दंडात सुई टोचली की काम झालं.

दर फेरीला रुग्णांच्या नळ्यांबरोबर एका निरोगी माणसाच्या रक्ताची नळी लावायची. हा तुलनेचा नमुना, म्हणजे कंट्रोल. तो आणायची जबाबदारी महांतेशची. आधी, पद्धत बसवायच्या कच्च्या चाचण्यांना, वॉचमन, माळी, कँटीनमधली माणसं आनंदाने यायची, कारण रक्त दिल्यावर चहा आणि क्रीमची बिस्किटं मिळायची. एके दिवशी वरून कागद आला आणि बिस्किटं बंद झाली. त्याबरोबर मिरजेतली निरोगी माणसंही संपली.

रिकामी नळी महांतेशला बघवत नसे. तो तर उपाशीपोटी यायचाच, घरी डबा करणारं कुणी नव्हतं. ताप नाही, खोकला नाही. त्याने बाही वर केली.

रजिस्टरमध्ये त्याने खोटं काही लिहिलं नाही. 'निरोगी पुरुष, वय ३८,' असं लिहिलं. नावाचा रकाना गोपनीयतेसाठी तसाही नव्हता. पुढच्या वर्षी 'निरोगी पुरुष, वय ३९' लिहिलं. एकाच माणसाचे नमुने ओळखून दाखवायची सोय सॉफ्टवेअरच्या महागड्या आवृत्तीत होती आणि केंद्राकडे स्वस्तातली होती. अशा नऊ वर्षांत दोनशे चौदा फेऱ्या झाल्या.

आणि मग शोध लागला.

नव्या जनुकांपैकी सातवं, कागदोपत्री 'मिरज-७', हृदयरुग्णांमध्ये गाढ झोपलेलं होतं. त्याचा आकडा तीसच्या आसपास. दोनशे चौदा निरोगी पुरुषांमध्ये मात्र तो चारशेच्या वर! इतका स्पष्ट फरक जगात कुणीच पाहिला नव्हता. मिरज-७ जागं असेल तर हृदय सुदृढ, असा निष्कर्ष निघाला. वर्तमानपत्रांत मॅडमचा फोटो आला. एका कंपनीने दोन-तीन महिन्यांत हे जनुक जागं करणारी गोळी बनवली आणि केंद्राच्या आवारातल्या सहा नंबर वॉर्डात अठ्ठावीस रुग्णांवर तिची चाचणी सुरू झाली.

पाचव्या दिवशी संध्याकाळी रुग्णांचं रक्त घ्यायला महांतेश वॉर्डात गेला आणि दारातच थांबला. सगळ्या खाटा दाराकडे तोंड करून वळवलेल्या होत्या आणि खाटांवरची माणसं त्याच्या खांद्यावरून मागे बघत होती.

"मी नाही वळवल्या," लोंढे सिस्टर म्हणाल्या. "त्यांनीच ओढल्या. अठ्ठावीस हार्ट पेशंटांनी लोखंडी खाटा ओढल्यात, खोतभाऊ. यांना धड उठून बसायची परवानगी नाही!"

"दुखतंय का कुणाला काही?"

"काही नाही. बीपी छान, झोप छान. जेवताना मात्र प्रत्येक जण शेजारी एक ताट वाढून ठेवायला सांगतो. किचनवाला राजीनामा देतोय."

पहिल्या खाटेवर काळगेसाहेब होते, निवृत्त विक्रीकर अधिकारी. सदतीस वर्षं त्यांनी कुणाची वाट पाहिली नव्हती, लोकच त्यांच्या केबिनबाहेर बसत. महांतेशने त्यांचा दंड बांधला.

"कुणीतरी यायचं राहिलंय," काळगेसाहेब म्हणाले.

"कोण, साहेब?"

"ते लक्षात येत नाही. पण राहिलंय एवढं नक्की."

त्यांची बायको खाटेच्या कडेला बसली होती. "अहो, मी इथंच आहे की! हे बघा, हात धरलाय तुमचा."

"हो गं," काळगेसाहेब दारावरची नजर न काढता म्हणाले, "पण तू येणार कधी?"

बाईंनी महांतेशकडे अशा नजरेने पाहिलं की त्याने नजर वर केली. समोरच्या घड्याळात साडेपाच झाले होते. त्याला निघायला हवं होतं, गाडी पाच-चाळीसला लागते. त्याची घाई काळगेसाहेबांना जाणवली असावी. त्यांनी पहिल्यांदाच दारावरची नजर काढून त्याच्याकडे नीट पाहिलं.

"तुम्ही पण गोळी घेता काय हो?"

"नाही, साहेब."

"मग तुमचंही कुणीतरी राहिलंय. तोंडावरून कळतं."

महांतेशने रक्ताच्या नळीकडे पाहिलं, अठ्ठावीस तोंडांकडे पाहिलं आणि मग स्वतःच्या डाव्या दंडावरच्या बारीक बारीक खुणांकडे पाहिलं. त्या दिवशी तो स्टँडवर गेला, पण केळी घ्यायची विसरला. मुजावरांकडे आनंदीआनंद झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमच्या टेबलासमोर उभं राहून त्याने सगळं सांगितलं. मॅडम बोटांनी टेबलावर ठेका धरून बसल्या होत्या. ठेका थांबला.

"दोनशे चौदाच्या दोनशे चौदा?"

"हो. वर आणखी तीन होते. त्या तीन वेळा मला ताप होता, म्हणून गोखले वॉचमनना आणलं. त्यांचे आकडे तीसच्या आसपास आले, तर आपण नमुना खराब म्हणून काढून टाकले."

"म्हणजे खोत, नऊ वर्षं आपण साऱ्या जगाची हृदयं... तुमच्याशी ताडून बघत होतो?"

"हो, मॅडम."

मॅडम उठल्या. त्यांनी स्वतःचं रक्त काढलं. वॉचमनचं, माळ्याचं, कँटीनवाल्याचं, कुरिअर घेऊन आलेल्या माणसाचंही काढलं. स्वतःच्या पैशाने क्रीमची बिस्किटं आणली होती, त्यामुळे दुपारपर्यंत रांग लागली. सगळ्यांचे आकडे तीसच्या आसपास. झोपलेलं मिरज-७ हा आजार नव्हताच. साऱ्या मिरजेत ते एकाच माणसात जागं होतं.

त्याच संध्याकाळी गोळी बंद केली. दहा दिवसांत खाटा सरळ झाल्या, जादाची ताटं थांबली. काळगेसाहेब पेपर वाचू लागले. त्यांची बायको मात्र केंद्रात येऊन, पदराशी चाळा करत, एखादी गोळी शिल्लक आहे का म्हणून विचारून गेली.

"वीस तारखेला समितीपुढे उभं राहायचंय मला," मॅडमनी महांतेशला बोलावून सांगितलं. "चूक झाली हे सांगणारच. पण जनुक खरं आहे आणि तुमचा आकडाही खरा आहे. चारशे बारा! ते नेमकं काय करतं, हे मला कळायला पाहिजे. घरी कोण कोण असतं तुमच्या?"

"मी."

"आणि?"

महांतेशने केळ्यांपासून सुरुवात केली. रीत सांगितली, चप्पल सांगितली, पणत्या सांगितल्या. मॅडमनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"त्यांना आणा. त्या घरी आल्या आणि तुमचा आकडा उतरला, तर सिद्ध होतं."

"बघू."

मॅडमनी 'बघू'वर विसंबून न राहता केंद्राच्या कागदावर, जावक क्रमांक घालून, शैलजाला पत्र धाडलं: प्रयोगाच्या आवश्यकतेनुसार आपण किमान चौदा दिवस पतीच्या घरी वास्तव्य करावे, प्रवासभत्ता नियमानुसार देय राहील. पाचव्या दिवशी बसवराजच्या मिरचीकांडपाच्या गिरणीच्या पावतीमागे उत्तर आलं. 'आणायला माणूस येतो. कागद आला होता. त्याला चहा पाजून परत पाठवत आहे.' पावतीवर खरोखरच चहाचा गोल डाग होता.

महांतेशने तो डाग बराच वेळ पाहिला. नऊ वर्षांत तिच्या हातून आलेली ही पहिली वस्तू. भीती त्याला एकाच गोष्टीची होती. समजा, तो गेला आणि ती वाट बघतच नसली तर? इथे स्टँडवर निदान रोज एक गाडी तरी येत होती.

"जाताना दोन नळ्या न्या," मॅडम म्हणाल्या. "टिकवणारं औषध घातलेल्या. त्यांचंही रक्त लागेल. आणि खोत, कंट्रोल विसरू नका."

श्रावणी सोमवारी सकाळी अकराला तो गडहिंग्लजला पोचला, हातात बर्फाचा डबा. मेव्हण्याचं मिरचीकांडप बाजारपेठेत होतं. एरवी त्या गल्लीत पाय टाकताच माणूस शिंकतो, आज गल्ली गप्प होती. बसवराज गिरणीच्या दारात तुटका पट्टा मांडीवर घेऊन बसला होता.

"आलात काय, दाजी," तो म्हणाला. जणू दाजी कोपऱ्यावरून तंबाखू आणायला गेले होते. "या, बसा. पट्टा तुटलाय, सुट्टीच आहे."

"कधी तुटला?"

"झाले तीन दिवस. कोल्हापूरहून यायचाय नवा."

मग पट्ट्यावर बोलणं झालं. पट्ट्याचे प्रकार, कोल्हापूरचे दुकानदार, पाऊसपाणी. जावई आल्या आल्या कामाचं बोलायचं नसतं. आत शैलजा सोप्यात बसून तांदूळ निवडत होती. कानाजवळचे केस पांढरे झाले होते आणि चष्मा लागला होता. तिने वर पाहिलं, परत सुपात पाहिलं आणि थोडी सरकली. सरकली म्हणजे जागा झाली. महांतेश तिथे बसला.

नऊ वर्षांत त्याने बोलायची बरीच वाक्यं तयार केली होती. ती सगळी त्याला आठवत होती. तोंडातून आलं ते असं:

"उपाशी आहेस का?"

"सोमवार आहे," शैलजा म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "नऊ वर्षांनी येऊन विचारताय, जेवलीस का म्हणून?"

"नाही, रक्त घ्यायचंय. उपाशीपोटी लागतं."

शैलजाने सूप खाली ठेवलं. ती आता काय करेल हे महांतेशला कळेना, बहुतेक तिलाही कळत नव्हतं. तिने सूप परत उचललं. "आधी हे संपू दे," ती म्हणाली.

तांदूळ आजऱ्याचा घनसाळ होता, अर्धं पोतं. महांतेशने न विचारता एक मूठ आपल्यापुढे ओढली. बारीक वस्तू वेगळ्या करण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. तो खडे भराभर वेचू लागला. मध्ये बसवराज डोकावून गेला. त्याच्या बायकोने जावयाला चहा आणि खिचडी दिली. चहा निवला, खिचडीही तशीच राहिली. दोघांच्या बोटांखालून तांदूळ सरकत राहिला. एकदा दोघांची बोटं एकाच खड्यावर पडली. खडा तिने घेतला. पोतं संपलं तेव्हा चार वाजले होते.

"हं, घ्या," शैलजाने हात पुढे केला. "टोचा."

महांतेशची शीर कधी चुकत नसे. लहान मुलांच्या, म्हाताऱ्यांच्या, बुडबुड्यासारख्या सुजलेल्या हातांच्या शिरा त्याने पहिल्या फटक्यात धरल्या होत्या. आज पहिल्यांदा चुकली. दुसऱ्यांदाही चुकली. त्याला नीट दिसतच नव्हतं.

"रडताय काय?" शैलजाने विचारलं.

"मिरची."

"पट्टा तुटून तीन दिवस झाले."

तिसऱ्या खेपेला रक्त आलं. मग सवयीने त्याने आपली डावी बाही वर केली, एका हाताने आणि दातांनी पट्टी आवळली आणि दुसरी नळी भरली.

"हे आणि कशाला?"

"कंट्रोल. दर फेरीला लागतो."

"इतकी वर्षं असंच टोचून घेताय? एकट्यानं?"

"महिन्यातून दोनदा."

शैलजाने कापसाचा बोळा घेतला आणि त्याच्या दंडावर दाबून धरला. बोळा दोन मिनिटं धरायचा असतो. तिने खूपच वेळ धरला. बसवराज दारापर्यंत आला आणि पट्टा बघायला परत गेला.

"तुमचा आकडा किती?"

"चारशे बारा."

"माझा तुमच्यापेक्षा कमी निघाला, तर तुम्ही जन्मभर मनात धराल," शैलजा म्हणाली. "तोंडानं बोलणार नाही, पण धराल. जास्त निघाला, तर मी धरीन आणि रोज बोलून दाखवीन. सारखा निघाला तर या न्यायला. आणि खोटा आकडा सांगायचा नाही. तुम्हाला जमणार नाहीच, तरी सांगून ठेवते."

परतीच्या गाडीत महांतेशने डबा मांडीवर धरला होता. चारशे बारासारखा आकडा दुसऱ्या कुणाचा निघणं शक्य नव्हतं. साऱ्या मिरजेत निघाला नव्हता. ही अट घालणाऱ्या बाईला बहुधा यायचंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याने दोन्ही नळ्या यंत्राला लावल्या. तीन वाजता पडद्यावर पहिला आकडा उमटला.

शैलजा: ३१.

त्याने आकडा पाहिला, खुर्ची ओढली आणि बसला. एकतीस. वॉचमनइतका. कुरिअरवाल्याइतका. रोज रात्री कडी लावताना आपण ज्या घराचा विचार करत होतो, तिथे एक बाई नऊ वर्षं खुशाल तांदूळ निवडत होती.

मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या. "खोत, नमुना किती वाजता घेतलात?"

"चारला."

"आणि पोचलात किती वाजता?"

"अकराला."

"मधले पाच तास काय करत होतात?"

"तांदूळ निवडत होतो."

"त्या शेजारी?"

"हो."

मॅडमनी कपाळाला हात लावला. "तुम्ही आयुष्यात एक तरी नमुना नीट घेतलाय का हो? झेरॉक्स किती वेळ टिकतात, हे मी पाहुण्यांना कुणासमोर सांगते? तुमच्यासमोरच ना? तुम्ही अकराला दारात उभे राहिलात. त्यांचं पान मिटलं असेल तर ते तेव्हाच मिटलं. चार वाजेपर्यंत सगळा चुरा!"

"म्हणजे तिचा आकडा आधी जास्त होता?"

"किंवा नव्हताच. यावरून काहीच सांगता येत नाही. कंट्रोल कुठाय?"

महांतेशने न बघताच दुसरी ओळ उघडली. नऊ वर्षांत त्याने ती ओळ इतक्यांदा पाहिली होती की आता बघत नसे. मॅडम वाचायला लागल्या आणि थांबल्या.

निरोगी पुरुष, वय ४७: ३१.

"हा माझा नाही," महांतेश म्हणाला. "माझा चारशे बारा असतो."

"तुमचाच आहे. काल चार वाजताचा."

त्याने पडद्यावर बोट ठेवलं. वरची एकतीस, खालची एकतीस. चारशेवरून एकतीस, पाच तासांत आणि अर्ध्या पोत्यात. मॅडमना वीस तारखेसाठी जे हवं होतं ते मिळालं होतं.

"मॅडम, तिचा परवापर्यंत किती होता, हे आता कसं काढायचं?"

"ते आता कधीच कळणार नाही. त्या कागदांचा चुरा झाला, खोत."

"कधीच नाही?"

"यंत्राला नाही. त्यांना विचारलंत तर कदाचित सांगतील."

महांतेश उठला. "बघ—" त्याने सुरुवात केली.

"खोत!"

"जातो," महांतेश म्हणाला.

जाण्याआधी मॅडमनी त्याला बसवून आणखी एक नळी भरून घेतली. तिचा आकडा किती येणार हे दोघांनाही ठाऊक होतं. तो बघायला तो थांबला नाही.

पाच-चाळीसला गडहिंग्लजची गाडी फलाटाला लागली. महांतेश नेहमीच्या जागी उभा होता. माणसं उतरली, शेवटचा माणूस उतरला. हीच गाडी सहाला उलट गडहिंग्लजला जाते, हे त्याला गेली नऊ वर्षं माहीत होतं.

बागवानचाचांनी केळी पुढे केली. त्याने एक सोललं आणि खाल्लं. आवडलं नाही. बाकीची पिशवीत घालून तो गाडीत चढला. खिडकीशी बसला, तसं चाचांनी हातातलं काम थांबवून आधी गाडीची पाटी वाचली आणि मग त्याच्याकडे पाहिलं.

कंडक्टर तिकिटाचं यंत्र घेऊन आला. "कुठं?"

"गडहिंग्लज. जाताना एक. आणि उद्याची परतीची दोन."

"परतीचं परत येताना बघू की."

"नको," महांतेश घाईघाईने म्हणाला. "बघू नको. दोन्ही आत्ताच द्या."

कंडक्टरने त्याच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. तिथे केळ्यांची पिशवी होती. "दुसरं कुणाचं?"

"एकीचं यायचं राहिलंय."

कंडक्टरने तिन्ही तिकिटं काढून दिली आणि घंटीची दोरी ओढली. गाडी बरोबर सहाला सुटली.